वजन

पोर्ट व्हिलाला आधी पिशवीचं वजन, मग माझं.
काट्यावर उभी राहताना मी पोट आत घेतलं, सवयीनं.
लेइतोआ हसली. "आत घेतलेलंही मोजतो हा," म्हणाली,
आणि वहीत आकडा मांडला, पेन्सिलीनं.
सहा प्रवासी, एक टायर,
पाण्याच्या टाकीचं झाकण, सव्वातीन किलो,
कुणाच्या तरी मुलीचा केक, मांडीवर.
बेरीज करून ती स्वतःच पुढे जाऊन बसली.
तेव्हा कळलं, वैमानिक तीच.

आधी उत्तरेला, आंब्रिम.
ढगाच्या फटीतून काळं मैदान,
त्यात दोन विवरं, वाफेनं भरलेली.
काचेला कपाळ टेकवून मी लाल रंग शोधत राहिले.
"नाही आता," कानातल्या यंत्रात तिचा आवाज.
"तळं होतं. उकळतं. एका डिसेंबरात निघून गेलं,
जमिनीखालून, समुद्राकडे.
जाताना आमच्या घराखालून गेलं."
एवढंच.
विमान एका पंखावर झुकवून तिनं बोट दाखवलं
किनाऱ्याजवळ, जिथं माडांची रांग
मध्येच वाकडी होते.
मागच्या बाईंनी फोटो काढला. त्यात पंखच आला.

मग दक्षिणेला, किती तरी वेळ नुसतं निळं.
केकचं एक गुलाबी फूल कलंडलं.

तान्नाला नाकाऊ, आणि त्याची तीन दारांची जीप.
चौथ्या दाराच्या जागी दोरी. मी दोरीच्या बाजूला.
"तीनला विमान. त्याच्या आत म्हातारा दाखवतो."
म्हातारा म्हणजे डोंगर.
आपण ज्वालामुखी म्हणतो, तोंडापासून सुरुवात करतो.
तो वयापासून करत होता.

रस्ता म्हणजे ओढ्याचंच उन्हाळी नाव.
वडाच्या पारंब्या टपावर घासत गेल्या,
एक डुक्कर आडवं आलं, घाई नसलेलं,
आणि झाडी संपली तसा रंगच संपला.
राखेचं मैदान. पलीकडे तो,
फार उंच नाही,
मधूनच घसा खाकरणारा.

नाकाऊनं ओलं बोट खिडकीबाहेर धरलं.
वारा फिरला होता.
जीप डावीकडे वळली, डोंगर उजवीकडे राहिला.
"पाच मिनिटं," तो म्हणाला.

पाच मिनिटांची चाळीस झाली.
झाकण त्याच्या मावशीचं होतं.
नालपिनी मावशी उघड्या टाकीवर चटई धरून उभी,
केसांत राख, भुवयांवर राख,
आणि नवं झाकण बोटभर लहान.
मग तार, मग दगड, मग नाकाऊचा सदरा.
मला कुणी काही सांगितलं नाही.
भाजीचं एकेक पान धुवून मी पाटीत टाकत गेले,
उपडं करून, देठाकडून,
शेजारच्या पोरीचं पाहून पाहून.
दातांखाली करकर. कुणी दचकत नव्हतं
डोंगर खाकरला तरी.
पोरगी तेवढी माझ्याकडे बघायची,
मी दचकते का ते.

कड्यावर मिळाली अकरा मिनिटं.
आधी पायांना कळलं, मग छातीला,
कानांना सगळ्यांत शेवटी.
लाल दगड वर गेले आणि वरच राहिले,
माझ्या हिशेबानं फार वेळ,
मग आतल्या उतारावर पडून विझले, ओल्या आवाजात.
मी काहीतरी ओरडले, मराठीत.
उघड्या अंगाचा नाकाऊ तिकडे बघतच नव्हता.
धूर कुठे उतरतो ते बघत होता,
मावशीच्या अंगाला.

तीनला दहा कमी. पुन्हा काटा.
माझं वजन तीन किलोनं जास्त.
पिशवीत मावशीचा कंद, मातीसकट.
लेइतोआनं तो हातात तोलला, हुंगला,
नखानं जरासा खरवडून रंग पाहिला.
"झाकण उतरलं ना? त्याच्या जागी लिहिते."
खोडरबर फिरवला, फुंकर मारली.

बुटातल्या राखेबद्दल तिनं विचारलं नाही,
मीही बोलले नाही.
उडताना तिनं कंद स्वतःच्या पायाशी ठेवला होता.
आंब्रिमला असा होत नाही, म्हणाली,
किंवा होत होता, म्हणाली.
इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.